व्हॅन तापते, पण नेमकी कधी?

मे महिन्यात चिपळूणहून कराडला निघालो होतो. आमची २००४ सालची ओम्नी, मागे आंब्याच्या बारा पेट्या, शेजारी मामा. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर तापमानाचा काटा हलायला लागला. आधी मधोमध होता, मग वर सरकला, मग लाल पट्ट्यात गेला. सीटखालून गोडसर, उग्र वास यायला लागला. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे त्याला काही झालं की ते बसणाऱ्याला आधी कळतं.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मामा लगेच उतरले, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. "झाकण काढू, पाणी ओतू, दहा मिनिटांत निघू." मी त्यांचा हात धरला. "मामा, नका उघडू. पाऊण तास कशालाच हात लावायचा नाही." ते थोडे रागावले, पण थांबले.

त्याआधीच्या वर्षभरात या गाडीचा वॉटर पंप बदलून झाला होता, पंख्याची मोटर नवी टाकली होती आणि एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. प्रत्येक दुरुस्तीनंतर गावात चक्कर मारायची, काटा मधे राहायचा, पैसे देऊन घरी यायचं. घाट लागला की पुन्हा तेच. शेवटी कराडमधल्या एका वयस्कर रेडिएटरवाल्याने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "तापते कधी? उभी असताना, की चढावर?" वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मलाही सुचला नव्हता.

गाडी तापण्याची कारणं दहा-बारा आहेत, पण प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. कुठलं कारण ट्रॅफिकमध्ये डोकं वर काढतं, कुठलं चढावर, कुठलं सकाळी गाडी सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला. ती वेळ नीट पकडली तर निम्मं निदान तिथेच होतं, आणि चांगले भाग काढून फेकायची पाळी येत नाही. मी ओम्नीबद्दल लिहितोय, कारण ती मला माहीत आहे. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली, १९८८ पासून ओम्नी झालेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली ही गाडी अजूनही शाळेची मुलं, भाजी, मंडपाचं सामान आणि गावोगावचे पेशंट वाहते आहे. पण जुनी टेंपो ट्रॅव्हलर असो की ट्रॅक्स, पाण्याचा हिशेब सगळीकडे तोच.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांशही भाग चाकांपर्यंत पोहोचत नाही. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाच्या धातूत शिरतो. हा शेवटचा हिस्सा काढून नेणं हे कूलिंगचं काम. एक लिटर पेट्रोल जळलं की या वाट्याला येणारी उष्णता सुमारे ३० लिटर गार पाणी उकळीला आणायला पुरते. घाटात भरलेली गाडी पाच-सहा किलोमीटरमध्येच लिटरभर पेट्रोल पिऊ शकते. म्हणजे आंघोळीच्या मोठ्या हंड्याएवढं पाणी पंधरा-वीस मिनिटांत उकळेल इतकी उष्णता, आणि ती काढून न्यायला आपल्याकडे फक्त काही लिटर पाणी. ते पाणी थांबून चालत नाही. ते सतत फिरलं पाहिजे.

फिरण्याचा रस्ता असा. वॉटर पंप पाण्याला इंजिनात ढकलतो. सिलिंडरच्या भोवती आणि त्यांच्यावर बसणाऱ्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, पोकळ्या असतात, तिथून पाणी उष्णता उचलतं आणि थर्मोस्टॅटपाशी येतं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारा दरवाजा. पाणी गार असेपर्यंत तो बंद असतो, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. पाणी ८०-८५ अंशांच्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं, दरवाजा उघडतो आणि वरच्या होज पाइपमधून गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं. रेडिएटरमध्ये चपट्या बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या जाळ्या असतात. वारा त्यातून जातो, उष्णता घेऊन जातो, आणि गार झालेलं पाणी खालच्या पाइपने परत पंपाकडे. ओम्नीचा रेडिएटर इंजिनाच्या पुढे, खालच्या अंगाला आहे. मातीचे रस्ते, चिखल, गवताची कुसळं, फुलपाखरं, सगळं तिथे जाऊन बसतं.

या सगळ्यात लोक ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात ती गोष्ट म्हणजे रेडिएटरचं झाकण, आपण कॅप म्हणतो ती. ती समजून घ्यायची असेल तर स्वयंपाकघरात जा. उघड्या पातेल्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये शिटीचं वजन वाफ अडवून धरतं, आतला दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास गेलं तरी द्रवच राहतं. डाळ लवकर शिजते ती त्यामुळे. रेडिएटरच्या कॅपमध्ये वजनाऐवजी स्प्रिंग असते. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हा दाब. हा दाब टिकला तर इंजिनातलं पाणी ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, तर दाब टिकत नाही आणि तेच पाणी शंभरीलाच खदखदायला लागतं. वर चढलं की ते आणखी लवकर होतं, कारण दर ३०० मीटर उंचीला उकळबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे ज्या घाटात इंजिनाला सर्वांत जास्त कष्ट, तिथेच खराब कॅपचा आधार सर्वांत कमी.

पाणी एकदा उकळलं की काय होतं? बुडबुडे तयार होतात. वाफेचा बुडबुडा धातूला चिकटला की त्या जागेची उष्णता उचलायला पाणीच उरत नाही. तिथला धातू आणखी तापतो, आणखी बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं. काटा हळूहळू न चढता एकदम उसळतो तो याच वेळी.

कॅपमध्ये आणखी एक छोटा पडदा असतो, तो उलट दिशेचा. इंजिन गार होताना पाणी आकसतं, तेव्हा तो उघडून बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी परत आत ओढून घेतो. तो अडकला तर रात्रभरात होज पाइप चेपल्यासारखे चपटे दिसतात. बाटली मात्र भरलेली दिसते. बाटली भरलेली म्हणजे रेडिएटर भरलेला, असं समजून कितीतरी इंजिनं गेली आहेत. म्हणून आठवड्यातून एकदा तरी, सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, कॅप काढून आत डोकावायचं. पाणी तोंडापर्यंत असलं पाहिजे.

आता त्या प्रश्नाकडे. समजा गाडी चालत असताना काटा ठीक असतो, पण सिग्नलला किंवा टोलच्या रांगेत उभी राहिली की वर जातो, आणि पुन्हा धावायला लागली की उतरतो. मग पंप, पाणी, नळ्या बहुतेक बऱ्या आहेत. कमी पडतोय तो वारा. धावताना वारा आपोआप मिळतो, उभं असताना तो फक्त पंख्याचा. इंजिन चालू ठेवून वाट पाहा. काटा मध्याच्या जरा वर गेल्यावर पंखा फिरला पाहिजे. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग पाण्याचं तापमान ओळखून पंखा चालू करणारा स्विच, मग मोटर. स्विच तपासायला त्याची वायर काढून तिची दोन टोकं एका तारेने जोडतात. पंखा फिरला तर मोटर चांगली, स्विच गेलाय. मोटरला बॅटरीतून थेट करंट देऊनही फिरत नसेल तर मोटर गेली. एवढ्या पंधरा मिनिटांच्या तपासणीने कुठला भाग घ्यायचा ते नक्की होतं.

मोटर बदलल्यावर एक गोष्ट जरूर बघा. वायर उलट्या जोडल्या तर पंखा फिरतो, पण वारा उलटा फेकतो. रेडिएटरच्या तोंडाशी कागद धरायचा, तो जाळीला चिकटला तर पंखा वारा आत ओढतोय. आणि इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं, ओढणी, मफलर त्याच्यापासून लांब. ज्यांनी बाहेरून एसी बसवला आहे त्यांच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे आणखी एक जाळी आलेली असते. त्या दोन जाळ्यांच्या फटीत धूळ आणि कचऱ्याची गादी तयार होते, समोरून ती दिसतच नाही.

उलट स्थिती म्हणजे आमची. गावात ठीक, उभी असताना ठीक, पण चढावर किंवा लांब पल्ल्याला सलग वेगात काटा वर. इथे पंख्याचा दोष जवळजवळ नसतो. उष्णता जास्त तयार होतेय आणि यंत्रणेची ताकद तेवढी उरलेली नाही. पहिला संशय रेडिएटर आतून बुजल्याचा. आमच्याकडे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असतं. त्या पाण्यातला क्षार तापल्यावर धातूवर बसतो, गीझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तोच पांढरा थर. त्यात इंजिनातला गंज मिसळला की तांबूस गाळ होतो. चाळीसपैकी पंधरा नळ्या बुजल्या असतील तर सपाटीवर काही कळत नाही, उरलेल्या पंचवीस काम भागवतात. घाटात त्या पुरत नाहीत. नळ्यांचा हा आकडा फक्त कल्पनेसाठी धरलाय, पण घडतं हे असंच.

हे तपासायला गाडी तापवून इंजिन बंद करा, पंख्याची वायर काढा आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात जवळ नेऊन फिरवा. स्पर्श करायची गरज नाही, धग कळते. पाणी येतं त्या बाजूकडून जातं त्या बाजूकडे धग हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. हल्ली बंदुकीसारखा तापमान मोजणारा यंत्र-थर्मामीटर सहज मिळतो, त्याने हेच आकड्यात दिसतं. आमच्या रेडिएटरचा जवळजवळ खालचा अर्धा भाग गार होता.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, काढून दोन्ही टाक्या उघडतो, नळ्यांतून चपटी सळई फिरवतो आणि पुन्हा डाग देतो. याला रॉडिंग म्हणतात. चांगल्या हाताने केलं तर रेडिएटर आणखी काही वर्षं काम देतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नवा घ्या. जुनं प्लास्टिक उघडताना तडकतं, आणि एमसील लावून दिवस काढता येतात, घाट काढता येत नाही.

चढावर तापण्याची आणखी कारणं आहेत. पंपाची पाती गंजून झिजलेली असतात, बाहेरून पंप नवा दिसतो पण पाणी ढकलत नाही. बेल्ट सैल असतो आणि जोर पडला की घसरतो. खालचा होज पाइप आतून मऊ झालेला असतो, पंपाने जोरात ओढलं की मधेच चपटा होतो. हा दोष उभ्या गाडीत दिसत नाही, म्हणून एकाने ॲक्सिलरेटर दाबायचा आणि दुसऱ्याने खालच्या पाइपकडे पाहायचं. कधी कूलिंगचा दोषच नसतो. ब्रेक धरून राहिलेला, इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे गेलेलं, क्लच घसरणारा, असं काहीही इंजिनाला विनाकारण जास्त काम करायला लावतं. चढून झाल्यावर एखादंच चाक हात लावू नये इतकं गरम असेल तर तिथे बघा.

तिसरी वेळ सकाळची. गार गाडी सुरू केली आणि पाच-सात मिनिटांत काटा थेट वर. एवढ्या वेळात सगळं पाणी तापणंच शक्य नाही. म्हणजे पाणी फिरत नाही, किंवा मधे हवा अडकली आहे, किंवा हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधल्या सीलमधून, जळालेला वायू पाण्यात शिरतोय. वरचा होज पाइप चाचपून पाहा. इंजिन तापलंय आणि पाइप गार आहे, तर बहुधा थर्मोस्टॅट बंदच अडकलाय. तो काढून घरी आणा, पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याला बांधून त्यात सोडा आणि गॅसवर ठेवा. बुडाला टेकू देऊ नका. त्याच्यावर जो आकडा छापलेला असतो त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. उघडला नाही किंवा निम्माच उघडला तर नवा. पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवय मला मनापासून खटकते. "आपल्याकडे थंडी कुठाय, कशाला पाहिजे हा?" असं म्हणून तो कचऱ्यात जातो. पण त्याचं काम थंडीशी नाही, इंजिनाशी आहे. इंजिन ठरलेल्या तापमानाला आलं नाही तर पेट्रोल नीट वाफ होत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, झीज वाढते. इंजेक्शनवाल्या गाडीत कॉम्प्युटरला इंजिन गारच आहे असं वाटत राहतं आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. काही इंजिनांत तर उघडणारा थर्मोस्टॅटच आतला आडवाटेचा रस्ता बंद करतो. तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं, आणि थंड राहावी म्हणून केलेल्या उपायाने घाटात गाडी आणखी तापते. सर्वांत वाईट म्हणजे खरा दोष झाकला जातो. आमच्या गाडीत हेच झालं. सपाटीवरचा काटा खाली आला आणि बुजलेला रेडिएटर वर्षभर कुणाच्या ध्यानात आला नाही.

पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही, ही चौथी आणि सर्वांत काळजीची तक्रार. आधी सोप्या जागा बघा. गरम इंजिनावर पडलेला थेंब लगेच वाळतो, त्यामुळे जमिनीवर डाग दिसत नाही, पण कूलंटचा, म्हणजे पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रवाचा, पांढरा, हिरवा किंवा तांबडा वाळलेला ओघळ राहतो. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. होजच्या क्लिपा बघा. आणि ज्यांची गाडी गॅसवर चालते त्यांनी गॅस किटचा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, बघा. गॅस पसरताना इतका गार होतो की रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी तिथून फिरवलेलं असतं. त्यासाठी मुख्य पाइप कापून दोन बारीक पाइप जोडलेले असतात. ते जोड वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. गळतीही तिथेच होते आणि हवाही तिथेच अडकते.

हे सगळं ठीक असेल तर हेड गॅस्केट. ओम्नीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि एका जागी जास्त तापलं की वाकतं. कागदाच्या जाडीएवढा बाकही गॅस्केटला पुरतो. मग सिलिंडरमधला स्फोटाचा दाब पाण्याच्या वाटेत शिरतो. ओळखायचं असं. गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, पाणी तापण्याआधीच. कॅप उघडी ठेवून गार इंजिन सुरू केलं तर थांबतच नाहीत असे बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि गाडी गरम झाली तरी थांबत नाही. तीन स्पार्क प्लगपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. ऑइलच्या काठीला जास्त दुधाच्या चहासारखा रंग येतो. ऑइलच्या झाकणाखाली नुसता पिवळट फेस असेल तर मात्र घाबरू नका, रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली की दमटपणामुळेही तो येतो. शंका असेल तर गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. हेड उघडण्याआधी ही चाचणी मागून घ्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणि हेड उघडलंच तर ते सपाट आहे का ते पट्टी ठेवून मोजायचं, लागलं तर फेसिंग करायचं, म्हणजे घासून सपाट करून घ्यायचं. नुसतं गॅस्केट बदलून वाकडं हेड परत बसवलं तर महिना-दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा त्याच दारात असाल.

आता पुन्हा घाटात येऊ, कारण तिथे घेतलेले निर्णय इंजिन वाचवतात किंवा घालवतात. काटा वर चढायला लागला आणि अजून वाफ नाही, पाणी बाहेर येत नाही, तर आधी भार कमी करा. खालचा गिअर टाका. तिसऱ्या गिअरवर दम खात चढण्यापेक्षा दुसऱ्यावर हलक्या पायाने चढलेलं बरं, कारण पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. एसी असेल तर बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. वाफ दिसली, पाणी सांडलं, इंजिनातून टकटक आवाज आला, तर एक मीटरही पुढे नेऊ नका. इंजिन बंद. काटा चढता चढता बॅटरीचा दिवाही पेटला तर बहुतेक बेल्ट तुटलाय, जुन्या गाड्यांत पंप आणि अल्टरनेटर बहुधा एकाच बेल्टवर असतात. आणि हे जरूर ध्यानात ठेवा, पाणी खूप कमी झालं की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि लाल पट्ट्यातला काटा अचानक खाली येतो. गाडी थंड झाली असं समजून लोक निघतात. ती थंड झालेली नसते, काट्याला सांगायला पाणीच उरलेलं नसतं.

कॅपला हात का लावायचा नाही ते कुकरवरून कळतं. वाफ दाबून धरलेला कुकर उघडला तर काय होईल? आतलं ११०-११५ अंशांचं पाणी दाब सुटताच एका क्षणात उकळतं आणि चेहऱ्यावर, हातावर, छातीवर येतं. ओम्नीत तर तोंड जवळ नेऊन वाकावं लागतं. पाऊण तास थांबा. वरचा पाइप दाबून पाहा, मऊ आणि कोमट लागला तरच जाड फडक्याने कॅप पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी मारू नका आणि आत एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. घाटात बाटलीतलं साधं पाणी घालून गावापर्यंत जायला हरकत नाही, पण ते तात्पुरतं. गळती थांबवायला हळद टाकायची जुनी युक्तीही तशीच. हळद फुगून बारीक भोक बुजवते, पण तिला भोक आणि रेडिएटरची नळी यातला फरक कळत नाही. रात्री कुणी मदतीला नसताना ती वापरली तर पोहोचल्यावर सगळं पाणी काढून यंत्रणा धुऊन घ्या.

दुरुस्तीनंतर भरताना कूलंटच भरा. तो फक्त थंड प्रदेशासाठी असतो हा गैरसमज आहे. निम्मा कूलंट आणि निम्मं पाणी असलं तर उकळबिंदू सहा-सात अंशांनी वर जातो आणि गंज, क्षार अडतो. काही डबे आधीच पाणी मिसळलेले असतात, काही घट्ट असतात, लेबल वाचा. मिसळायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको. दोन वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकत्र करू नका, कधी कधी त्यांचा जेलीसारखा गाळ होतो. जुना कूलंट उघड्यावर ओतू नका. तो चवीला गोड असतो आणि विषारी असतो, गल्लीतली कुत्री-मांजरं तो चाटतात आणि त्यांची किडनी जाते.

भरताना हवा बाहेर काढणं हे व्हॅनमधलं खास काम आहे, कारण पाइप लांब आणि चढ-उतारांचे असतात. जर्मनीतल्या जुन्या, पाण्याने थंड होणाऱ्या फोक्सवागन टी३ व्हॅनमध्ये इंजिन मागे आणि रेडिएटर पार पुढे आहे, आणि तिच्यातली हवा काढायला गाडीचं नाक उचलून धरतात. ओम्नीत एवढं अंतर नाही, पण तत्त्व तेच. भरण्याचं तोंड सर्वांत उंच येईल अशा उतारावर गाडी लावा. कूलंट हळू ओता, पातळ धारेने. मधेमधे होज पाइप हाताने दाबा, बुडबुडे वर येतात. मग कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, पातळी खाली गेली की भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, ती पुन्हा भरा. वरचा आणि खालचा पाइप दोन्ही गरम झाले, पंखा एकदा फिरून बंद झाला, मग कॅप लावा. ती नवीनच घ्या, काही शेकडा रुपयांत मिळते.

आमच्या गाडीला रेडिएटर रॉडिंग करून, नवी कॅप आणि नवा थर्मोस्टॅट टाकून मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप काढून पाहिलं तर पातळी दोन बोटं खाली होती. उरलेली हवा रात्रीत वर आली होती. अर्धा पेला कूलंट घातला. तिसऱ्या दिवशी तीन-चार चमचे. चौथ्या दिवशी पाणी तोंडापर्यंत होतं, आणि मामांनी पेट्या उतरवलेल्या मागच्या जागेत सिमेंटच्या चार गोण्या ठेवल्या आणि म्हणाले, "चल, घाट उतरून परत चढू."